कोरड्या माणसाचा पहारा

वीणा गळ्यात घालताना ह्यांनी डावा हात दोनदा झटकला, मुंग्या आल्यावर झटकतात तसा. मांडव माणसांनी भरला होता, पण ते पाहिलं फक्त मी. बाकीचे नुसते टकामका बघत होते, कारण सर्जेराव शिंगटे पहाऱ्याला उभा राहतोय ही कोरेवाडीत बघण्यासारखीच गोष्ट होती. शेजारी बसलेल्या अंजाक्कानं मला कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाली, तुझ्या दगडाला पालवी फुटली बघ. मी तिला गप बस म्हटलं. एरवी मीच तिच्या वरताण काहीतरी बोलले असते, पण माझं लक्ष त्या हाताकडे होतं.

आमच्याकडे चैत्रात मारुतीच्या देवळापुढे सप्ताह बसतो. सप्ताह उठेपर्यंत नाम थांबवायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. घरटी एक माणूस ठरलेला, आणि त्याच्या उभं राहण्याला पहारा म्हणायचं. पहारा आहे तोवर बसायचं नाही, खांबाला पाठ लावायची नाही, नामाखेरीज तोंडातून शब्द काढायचा नाही. पुढचा माणूस आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि मग वीणा द्यायची. देणाऱ्यानं दिल्याशिवाय घेणाऱ्यानं तिला हात लावायचा नाही. हे कुणी घालून दिलं ते मला ठाऊक नाही, पण ते मोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या घरचा पहारा थोरले दीर करायचे, बापू. त्यांना वीणा शोभायची. डोळे मिटून डोलायला लागले की बायका आपसूक हात जोडायच्या. त्या वर्षी पाडव्याच्या आधी बापू गोठ्यात घसरले, खुबा मोडून खाटेला खिळले, आणि घरात दुसरा पुरुष उरला तो हे. हे देवाला नावं ठेवायचे अशातला भाग नाही. देवळावरून जाताना चप्पल काढून हात जोडायचे. पण मांडवात बसून टाळ कुटणं, डोलणं, उपरण्यानं डोळे पुसणं, हे त्यांच्याच्यानं व्हायचं नाही. कोरडा माणूस, असं गाव म्हणायचं. खोटं कशाला सांगू, मीही तेच म्हणायचे.

म्हणायला कारण होतं. आमची मंदा काविळीनं गेली. एकच लेक, सुपारी फुटलेली, मांडवाचा दिवस धरलेला. तिला उचलली तेव्हा ज्यांच्याशी आमचं बोलणं नव्हतं तीही माणसं रडली. ह्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सरणाची लाकडं ओली नाहीत ना, एवढंच दोनदा विचारत होते. आणि सावडण्याच्या दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी आली, तर फावडं खांद्यावर टाकून उसात निघून गेले. दारात बसलेल्या माणसांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून ह्यांचं नाव दगड पडलं. परत आले तेव्हा मी विचारलं, माणूस आहात का कोण आहात? ते म्हणाले, पाळी चुकली असती तर ऊस वाळला असता. त्यानंतर कितीतरी महिने मी त्यांना भाकरी वाढली, शब्द वाढला नाही. पुढं बोलायला लागले, संसार काही थांबत नाही, पण ते एक माझ्या मनातून गेलं नाही. लेकीसाठी बापाच्या डोळ्यांत पाणी यावं, एवढंच मला बघायचं होतं. देवाकडं मी दुसरं काही मागत नव्हते.

तर त्या दिवशीची सकाळ. हे रानातून वैरणीचा भारा घेऊन आले, भारा अंगणातच टाकला आणि उंबऱ्यावर बसले. तोंडावर राख फासल्यासारखा रंग होता. छातीच्या मधोमध मूठ दाबून धरली होती. काय होतंय विचारलं तर म्हणाले, पित्त. काल पंगतीतली आमटी जहाल होती, ती बाधली. मी आमसुलाचं पाणी केलं, वर चिमूटभर ओवा चावायला दिला. थोड्या वेळानं त्यांना मोठी ढेकर आली आणि ते म्हणाले, हां, गेलं. ढेकर आली म्हणजे पित्तच, यावर आमचा दोघांचाही विश्वास. मलाच मोकळं वाटलं.

तरी मी म्हटलं, भावकीतल्या पुतण्याची जीप दारात उभी आहे, तालुक्याला जाऊन दाखवून येऊ.

"आज?" ते म्हणाले. "आज गेलो तर गाव काय म्हणंल? वीणा बघून पळाला म्हणंल. उद्या काल्याचं कीर्तन होऊ दे, मग जाऊ."

"अहो, पण घाम किती आलाय."

"चैताचं ऊन हाय. आन् तिथं जाऊन पित्तच निघालं म्हंजी? माझा पोपट व्हायचा."

पोपट जगदाळ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मागच्या साली त्याच्या छातीत दुखायला लागलं, तो घाबराघुबरा झाला, रडत रडत जीप करून तालुक्याला गेला. डॉक्टरनं तपासून दोन गोळ्या दिल्या आणि परत लावून दिला. त्या दिवसापासून गावानं त्याचं नाव ॲटॅक ठेवलं. पारावर तो दिसला की कुणीतरी छातीवर हात धरून खाली बसायचं आणि सगळे खो खो हसायचे. हसणाऱ्यांत हेही असायचे. म्हणजे पोपट होणं काय असतं ते ह्यांना बाहेरून चांगलंच माहीत होतं. मी पुढं रेटलं नाही. धुतलेलं धोतर काढून दिलं, टोपी झटकून दिली. मनात कुठंतरी मलाही वाटत होतं, की एकदा हा माणूस वीणा घेऊन उभा राहू दे, म्हणजे गावाची तोंडं बंद होतील.

आणि उभे राहिले. सुरुवातीला बरं चाललं होतं. दांडी डाव्या खांद्यावर, उजव्या हाताचं बोट तारेवर, ओठांत राम कृष्ण हरी. बापूंसारखं डोलणं नव्हतं. शेताच्या बांधावर उभा राहावा तसा सरळ उभा होता माणूस. वर पत्र्याचा मांडव तापला होता, सगळेच घामानं निथळत होते, बायका पदरानं वारा घेत होत्या. पण इतरांचा घाम पुसला की जात होता. ह्यांचा थांबेना. सदरा पाठीला चिकटला, मग पोटाला चिकटला, आणि एवढ्या उकाड्यात त्यांच्या हातावरचे केस उभे राहिलेले मला दिसले. मी बायकांत पुढं बसले होते, त्यांच्यापासून चार हातांवर. बोलायची सोय नव्हती. पहाऱ्याच्या माणसाला हाक मारायची नाही, आणि चारचौघांत नवऱ्याशी बोलायची आमची रीत नव्हती.

मी त्यांची नजर धरली, माझ्या छातीवर हात ठेवला आणि डोळ्यांनी विचारलं, दुखतंय का?

त्यांनी मान हलवली. नाही. आणि तारेवरचा हात जरासा काढून तळवा खाली दाबला. बस तू.

त्या दुपारी प्रवचनाला जे महाराज उभे होते ते तरुण होते, गळा गोड, माणूस सरळ. त्यांच्यावर माझा राग नाही, होता तो कधीच विझला. ते भक्ताच्या लक्षणांवर बोलत होते. भाव दाटला की देहावर आठ खुणा उमटतात, म्हणाले. अंग ताठ होतं, घाम फुटतो, काटा येतो, आवाज घशात अडतो, कापरं भरतं, तोंडाचा रंग उडतो, डोळे वाहू लागतात, आणि शेवटी शुद्ध हरपते. अष्टसात्त्विक भाव. एकेक खूण ते रंगवून सांगत होते आणि सांगता सांगता त्यांची नजर ह्यांच्यावर गेली. ते बोलायचे थांबले. मांडवही थांबला. मग ते हात जोडून म्हणाले, "माउली, हे मी पोथीतलं सांगतोय असं समजू नका. त्या खांबाकडं वळा आणि तुमच्याच गावचा वीणेकरी बघा."

अख्खा मांडव वळला. मीही बघितलं, आणि महाराज म्हणत होते ते बहुतेक सगळं तिथं होतं. घाम होता, काटा होता, कापरं होतं. तोंड पांढरंफटक पडलं होतं. ओठ हलत होते पण नाम ऐकू येत नव्हतं.

पहिल्यांदा उठले गणूआप्पा. गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. काठी बाजूला ठेवून ते कमरेत वाकले आणि वयानं लेकासारख्या असलेल्या ह्यांच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. मग काय विचारता. रांगच लागली. सावडण्याच्या दिवशी ज्यांनी ह्यांना फावडं घेऊन जाताना बघितलं होतं, तेच सगळे. अंजाक्का माझ्या अंगावरून पुढं सरकली आणि डोळ्याला पदर लावत पाया पडून आली. हे गोंधळून खाली बघत होते. आयुष्यात त्यांच्या पायांना कुणी हात लावला नव्हता. लग्नातली माझी गोष्ट आणि वीणा घेतानाची रीत सोडली तर.

मी तोपर्यंत अर्धी उठले होते. पुरुषांच्या बाजूला जाऊन पुतण्याला सांगावं, जीप काढ म्हणावं, असं ठरवूनच उठले होते. तेवढ्यात ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एक थेंब नाही, दोन्ही डोळ्यांतून धार लागली, गालांवरून हनुवटीला आली आणि वीणेच्या भोपळ्यावर टपटप पडायला लागली. गणूआप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लेकीचं दुःख हाय ते. इतकी वर्सं कोंडून ठेवलं व्हतं. आज पाझरला."

मी खाली बसले.

का बसले ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली ते माझ्यासमोर चाललं होतं. मला माझी मंदा दिसायला लागली, तिची वेणी, तिचं पिवळं पडलेलं तोंड, आणि तिच्यासाठी रडणारा तिचा बाप. मी पदर तोंडात कोंबला आणि त्यांच्याबरोबर रडायला लागले. ती वेळ माझ्या आयुष्यातली सुखाची होती, हे आज सांगतानाही माझ्या अंगावर शहारा येतो. त्यांचा जीव जात होता आणि मला बरं वाटत होतं.

पुढचा पहारा पोपट जगदाळ्याचा होता. तो आंघोळ करून ओल्या अंगानंच वेळेआधी आला आणि ह्यांना बघून दारातच थबकला. बाकीच्यांना जे दिसत होतं ते त्याला दिसलं नाही. त्यानं स्वतःचं तोंड एकदा आरशात तसं बघितलं असावं. तो माणसांतून वाट काढत ह्यांच्यासमोर गेला, पाया पडला आणि हळूच म्हणाला, "दादा, वीणा द्या माझ्याकडं. मला तुमचा रंग बरा दिसत न्हाई. छातीत दुखतंय न्हवं?"

हळूच म्हणाला तरी पुढच्या रांगांनी ऐकलं. कुणीतरी म्हणालं, "ए ॲटॅक, गप ऱ्हा. सगळ्यांना आपल्यासारखं समजू नको." भर प्रवचनात हशा पिकला. महाराजसुद्धा हसले.

तेव्हा ह्यांचा उजवा हात तारेवरून निघाला आणि गळ्यातल्या पट्ट्याकडे गेला. पट्ट्याला बोटं लागली. मी बघत होते. मग त्यांनी पोपटाकडं बघितलं, त्याच्या मागं वाकलेल्या माणसांकडं बघितलं, आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मी रडत होते. हात परत तारेवर गेला. पोपट मान खाली घालून बाजूला झाला. देणाऱ्यानं दिल्याशिवाय घ्यायची नव्हती.

त्यानंतर फार वेळ गेला नाही. त्यांचे गुडघे वळले. खाली येता येता त्यांनी दोन्ही हातांनी वीणा वर धरली, जमिनीला टेकू नये म्हणून. आठ-दहा माणसं एकदम पुढं धावली, आणि त्या सगळ्यांनी वीणा झेलली. हे खाली पडले. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. महाराजांनी हात उंचावून गजर धरायला सांगितलं. शेवटचा भाव, म्हणाले, कुणी हात लावू नका, जरा वेळ तसंच राहू द्या. टाळ जोरजोरात वाजायला लागले. वीणा एकाच्या गळ्यात गेलीसुद्धा.

मी उठले आणि माणसांना ढकलत गेले. कुणाच्या अंगावर पाय पडला, कुणाच्या हातावर, ते बघितलं नाही. हे कुशीवर पडले होते, डोळे उघडे होते आणि माझ्याकडंच बघत होते. शुद्ध कुठली हरपली होती. मी पोपटाला हाक मारली. आम्ही दोघांनी त्यांना उचललं तेव्हा अंजाक्कानं माझा हात धरला, म्हणाली, अगं समाधी मोडू नको त्यांची. मी तिचा हात झिडकारला. पुतण्यानं जीप काढली. मांडवातला गजर गावाबाहेर येईपर्यंत ऐकू येत होता.

जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पोपट पायांशी बसला होता, तळवे चोळत. मंदा गेल्यापासून ह्यांनी मला कधी मंदाची आई म्हणून हाक मारली नव्हती. अगं, ऐकतेस का, एवढंच. त्या दिवशी मारली.

"मंदाची आई, दुखतंय."

सकाळपासून पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडातून आला. मी म्हटलं, कधीपासून? म्हणाले, सकाळपासून. ढेकरीनं गेलं नव्हतं. तू घाबरली होतीस, म्हणून गेलं म्हणालो. मला वाटलं जाईल. पहिल्यांदा वाटलं वीणेच्या वजनानं हात दुखतोय. मग वाटलं एवढा पहारा होऊ दे. असं तुटक तुटक, मध्ये दम घेत सांगत होते. मी त्यांना बोलू नका म्हणत होते आणि माझीच जीभ राहत नव्हती.

"पोपट वीणा मागत होता. द्यायची नाही का?"

"देणार व्हतो." त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. "सगळी पाया पडत व्हती. लेकीसाठी रडतोय म्हणत व्हती. आता कसं सांगू, की छाती दुखती म्हणून पाणी येतंय? लेकीला रडला न्हाई आन् सवताच्या दुखण्याला रडला, असं झालं असतं."

तेव्हा मी जे विचारलं ते मी विचारायला नको होतं. जीप खड्ड्यांतून उडत होती, माणूस हातातून निसटत होता, आणि माझ्या मनात तेवढंच होतं. मी म्हटलं, "पण मंदाच्या आठवणीनंच आलं ना पाणी? थोडं तरी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "मी लई वाट बघितली त्याची. पाळीच्या दिशी उसात जाऊन बसलो, म्हणलं इथं कुणी न्हाई, इथं येईल. पाणी सऱ्यांतनं वाहून गेलं. मला आलं न्हाई. आज आलं, पण ते तिचं न्हवतं. तुला तरी खोटं कसं सांगू?"

खोटं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? जन्मभर हा माणूस खरं बोलला आणि शिव्या खात राहिला. एक दिवस गावाशी खोटं वागला, त्यातच त्याचा जीव गेला. आणि ते खोटं माझ्यापुरतं जपायचं, तर तेवढं मात्र त्याला जमलं नाही. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ते बर्फासारखं गार होतं. कालव्याच्या पुलावर जीप आली तेव्हा त्यांनी मान वळवून पाण्याकडं बघायचा प्रयत्न केला, आणि तिथंच मान माझ्या मांडीवर कलंडली. पोपट तळवे चोळत राहिला. मी त्याला थांबवलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, दुखायला कधी लागलं. मी सांगितलं, सकाळी. सकाळी आणलं असतं तर, एवढं म्हणून तो कागद भरायला लागला. पोपट भिंतीला टेकून उभा होता. आता त्याला ॲटॅक म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात महाराजांनी ह्यांचीच गोष्ट सांगितली. म्हणे सगळा मांडव रडला. मी नव्हते, मी घरी प्रेताजवळ बसले होते, पण कर्ण्यातून ऐकू येत होतं. वीणा जमिनीला टेकू दिली नाही, देह टेकवला, असं महाराज म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या वर्षी ज्या खांबापाशी हे उभे होते त्या खांबाला ह्यांचा फोटो लागला. फोटोला हार घालायचा मान मला. आजूबाजूच्या गावांतून माणसं तो खांब बघायला येतात. दगड हे नाव गावानं असं पुसून टाकलं की जणू ते कधी कुणी ठेवलंच नव्हतं.

मी एकदा महाराजांना गाठून सांगितलं. म्हटलं, महाराज, तो भाव नव्हता. त्यांची छाती दुखत होती, लाजेनं बोलले नाहीत, स्वतः मला सांगून गेले. महाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माउली, डॉक्टरला काळीज दिसतं, भाव दिसत नाही. आणि खरा भक्त आपला भाव बायकोलासुद्धा सांगत नाही." एवढं बोलून ते वाकले आणि माझ्या पाया पडले. जो पायाशी वाकलाय त्याच्याशी भांडायचं कसं, ते मला आजवर कळलेलं नाही. ह्यांनाही कळलं नसावं. अंजाक्काला सांगितलं तर ती म्हणाली, नवरा गेल्याचा धक्का आहे, होतं असं. मंदाला तिचा बाप रडला की नाही, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि कुणाला माहीत करून घ्यायचंही नाही. कधी कधी मलाही वाटतं, तेव्हा मी विचारलंच नसतं तर आज मीही त्या खांबाला हात जोडून सुखानं रडले असते.

आता मी म्हातारी झाले. सप्ताह बसला की मी त्या खांबापाशी जाऊन बसते, आणि लोक म्हणतात नवऱ्याच्या पायाशी बसली. म्हणू देत. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात गेली की मी गुडघ्यांवर हात टेकून उठते, नव्या वीणेकऱ्यासमोर उभी राहते, छातीवर हात ठेवते आणि डोळ्यांनी विचारते, दुखतंय का? आता सगळ्यांना ते सवयीचं झालंय. तरणे हसतात. कुणी कुणी वीणा सावरत माझ्याच पाया पडायला वाकतो, मोठ्या भक्ताची बायको म्हणून.

आणि सगळे मान हलवतात. नाही.

मग मी खाली बसते, आणि पुढचा माणूस येईपर्यंत त्याच्या डाव्या हाताकडं बघत राहते.